युकुलेले, आठ आठवडे: हात नेमका कुठे अडतो?

३ मार्च

कामाला लागण्याआधी हिशेब मांडून ठेवते, म्हणजे नंतर स्वतःलाच फसवता येणार नाही.

वाद्य: कॉन्सर्ट आकाराचं युकुलेले, म्हणजे गिटारसारखं पण छोटं, चार तारांचं वाद्य. नायलॉनच्या तारा, नेहमीसारखं जी-सी-ई-ए या सुरांत लावलेलं. हातात येऊन सात महिने झाले. सी, ए मायनर, एफ, डी मायनर, जी, जी सेव्हन, ई मायनर एवढ्या कॉर्ड्स (एकदम वाजणारे सुरांचे गुच्छ) येतात. येतात म्हणजे विचारल्यावर दाखवता येतात, गाण्याच्या मध्येच बोटं वेळेवर पोचतील याची खात्री नाही. बी फ्लॅट वाजत नाही, थपथपते.

गेल्या ४५ दिवसांचं माझं ध्येय होतं ‘रोज अर्धा तास’. त्यातले ४१ दिवस पाळले. ध्येय जवळपास पुरं झालं आणि वादन आहे तिथेच आहे. त्या अर्ध्या तासात मी काय करत होते? जे येतं तेच वाजवत होते. तीच तीन गाणी, त्याच क्रमाने, आणि अवघड जागा आली की जरा अंग चोरून पुढे. रियाज झाला तो खुर्चीत बसण्याचा.

आता आठ आठवडे, २७ एप्रिलपर्यंत. ध्येय चुकलं तर कानाला कळलंच पाहिजे, एवढी एकच अट. तीन ठरवली आहेत. एक, सी – ए मायनर – एफ – जी सेव्हन अशी फिरणारी एक चाल, मिनिटाला ९२ मात्रांच्या लयीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत न थांबता. आज ती ८०च्या वर फाटते. दोन, एफ ते बी फ्लॅट हा बदल मिनिटात २५ वेळा. तीन, फिंगरपिकिंगचा (बोटांनी एकेक तार छेडण्याचा) एक साधा नमुना याच चार कॉर्ड्सवर, हाताकडे न बघता.

५ मार्च

पहिली मोजणी. घड्याळात एक मिनिट लावायचं, दोन कॉर्ड्समध्ये ये-जा करायची, प्रत्येक वेळी एकदाच छेडायचं आणि मोजायचं.

सी–ए मायनर ५६. एफ–जी सेव्हन ३१. एफ–बी फ्लॅट ९, आणि त्या ९ पैकी चारही तारा स्वच्छ वाजल्या त्या २ वेळा. ‘स्वच्छ’चा रकाना मी आधी ठेवलाच नव्हता. ठेवला नसता तर आकडा बरा दिसला असता.

चालीचं रेकॉर्डिंगही केलं. ऐकवत नाही, पण दोनदा ऐकलं.

८ मार्च

रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा ऐकताना एक गोष्ट कानात खटकली. सात महिने मी समजत होते की माझा डावा हात मंद आहे. असेलही. पण प्रत्येक बदलाच्या आधी थांबतो तो उजवा हात. कॉर्ड नीट बसेपर्यंत तो हवेत वाट पाहत उभा राहतो, बसली की पुन्हा सुरू होतो. लय तुटते ती तिथे. डावा हात उशिरा पोचला तर एखादा स्वर मळका येतो, ते खपून जातं. उजवा थांबला की ऐकणाऱ्याचा ठेका मोडतो.

आणि उजवा थांबतो म्हणूनच डाव्याला घाई नाही. आपल्यासाठी गाडी उभी राहते हे त्याला माहीत झालं आहे.

म्हणून आजपासून नियम: उजवा हात थांबणार नाही. आधी डाव्या हाताने तारांवर नुसता स्पर्श ठेवून, सूर न काढता, खाली-वर खाली-वर पाच मिनिटं. मग कॉर्ड्स. डावा पोचला नाही तर नाही, उजव्याने वाजवत राहायचं. सुरुवातीला जे ऐकू येतं ते भयंकर आहे.

इथे युकुलेले एक सवलत देतं. मोकळ्या चार तारा म्हणजे जी, सी, ई, ए, आणि हे चार सूर मिळून सी सिक्स्थ होते, किंवा ए मायनर सेव्हन्थ म्हणा. सी स्वरातल्या गाण्यात कॉर्ड बदलण्याआधीचा शेवटचा वरचा फटका मोकळ्या तारांवर पडला, तर तो खटकत नाही. त्या अर्ध्या मात्रेत डाव्या हाताला निघायला वेळ मिळतो. चांगलं वाजवणाऱ्यांचं ऐकलं तेव्हा हे सर्रास सापडलं. मी त्याला त्यांची चलाखी समजत होते, ती त्यांची सोय निघाली.

१३ मार्च

तीन दिवस वाद्य पेटीबाहेर काढलं नाही. कारण काही नाही.

१५ मार्च

चाल कोणत्या लयीत अजिबात न चुकता वाजते ते शोधलं. मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ८०, चूक. ७२, चूक. ६४, चूक. ५२ वर चार फेऱ्या निर्दोष झाल्या. सात महिन्यांनंतर ५२. बरं, तर ५२.

इतक्या हळू वाजवल्याचा एक फायदा झाला: बोटं काय करतात ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं. प्रत्येक बदलाला मी सगळी बोटं तारांवरून उचलते, दोन-तीन सेंटिमीटर वर नेते आणि मग पुन्हा खाली आणते. युकुलेले या हवाई शब्दाचा एक प्रचलित अर्थ ‘उड्या मारणारी पिसू’ असा सांगतात. माझी बोटं नावाला जागत होती.

मग कागद घेऊन बसले आणि कुठलं बोट कुठून कुठे जातं ते लिहून काढलं. ए मायनरमधून एफकडे जाताना मधलं बोट जी तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) आहे तिथेच राहतं, फक्त तर्जनी ई तारेच्या पहिल्या फ्रेटवर येते. एफमधून जी सेव्हनकडे जाताना ती तर्जनी हलतच नाही. मधलं बोट त्याच फ्रेटवर शेजारच्या सी तारेवर सरकतं आणि अनामिका ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर उतरते. जी सेव्हनमधून सीकडे जाताना तीच अनामिका न उचलता एक फ्रेट पुढे घसरते, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. म्हणजे चालीतल्या चार बदलांपैकी तिघांत एक ना एक बोट तारेवरच राहू शकतं. चौथा, सी ते ए मायनर, त्यात तसं बोट नाही, पण तिथे मुळात एकेकच बोट लागतं.

सात महिने मी रोज हे सगळं उचलून पुन्हा ठेवत होते. हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

२२ मार्च

एफ–जी सेव्हन ४४. तर्जनी जागची हलवायची नाही, या एका सूचनेवर एका आठवड्यात ३१ वरून ४४. चाल ७२ वर बिनचूक.

बी फ्लॅट १२. तिच्याबद्दल थोडं लिहायला हवं, कारण चार आठवडे नुसत्या शिव्या देण्यात गेले तर प्रकल्पाचा उपयोग नाही. या कॉर्डचे फ्रेट जी तारेपासून मोजले तर ३-२-१-१. तर्जनी आडवी टाकावी लागते म्हणून मी ती चारही तारांवर पूर्ण ताकदीने दाबत होते. पण जी आणि सी या तारा पुढच्या फ्रेटवर दुसऱ्या बोटांनी दाबलेल्या आहेत, त्यांच्यावर तर्जनीने कितीही जोर लावला तरी तो वाया. तर्जनीला खरं काम दोनच तारांचं, ई आणि ए. बोट किंचित कडेवर कलतं करून फक्त तेवढ्या दोन दाबल्यावर पाचपैकी तीन वेळा स्वच्छ आली. अंगठ्याने मागून चिमटा काढण्याऐवजी कोपर जरा मागे ओढून हाताचं वजन तारांवर येऊ दिलं, तेही उपयोगी पडलं. तरीही एका मिनिटात तळहात दुखतो. दुसरी कुठलीही कॉर्ड असा त्रास देत नाही.

२६ मार्च

आज वाजवलं कमी, वाचलं जास्त. ‘अडकणं’ या प्रकारावर कुणी काम केलंय का बघत होते. निघालं ते तारायंत्राचं. विल्यम ब्रायन आणि नोबल हार्टर यांनी १८९७ मध्ये तारेवरून संदेश पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या शिकाऊ लोकांच्या प्रगतीचे आलेख छापले. संदेश पाठवण्याचा वेग बऱ्यापैकी सलग वाढत जातो. घेण्याचा वेग मात्र मध्येच आडवा होतो, कित्येक आठवडे तसाच राहतो आणि मग पुन्हा चढतो. त्यांचं स्पष्टीकरण असं: माणूस आधी एकेक अक्षर ऐकतो, मग अख्खा शब्द, मग वाक्याचा तुकडा. खालची पायरी अंगवळणी पडेपर्यंत वरची हाताला लागत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच होत नाहीसं वाटतं.

यावर माझं मन लगेच खूश झालं, म्हणजे संशय घ्यायला हवा. फ्रेड केलर यांनी मोर्स, म्हणजे तारेच्या संदेशांची लिपी, शिकवण्याचं काम प्रत्यक्ष केलेलं होतं, आणि १९५८ मध्ये त्यांनी नेमकी उलट बाजू मांडली: असं आडवं पठार ही शिकण्यातली अटळ पायरी नव्हेच. ते पटलं तर ‘थांब, होईल आपोआप’ हा दिलासा गळून पडतो. पठार दिसलं की पद्धतीत, सामानात, मोजण्यात काहीतरी खोट आहे का ते आधी बघायचं.

माझ्या बाबतीत दोघांचंही थोडं थोडं खरं दिसतं. मी अजून अक्षरंच ऐकते आहे: तर्जनी इथे, मधलं तिथे. म्हणून उद्यापासून सुटी कॉर्ड नाही, जोडी. ‘एफ-जी सेव्हन’ हा एक शब्द. डोळे मिटून, तो शब्द पुरा होईपर्यंत.

३ एप्रिल

आजची नोंद लांबणार.

बी फ्लॅट १३ वर अडून आहे. केलरचं डोक्यात होतं म्हणून आज बोटं सोडून वाद्याकडे पाहिलं. ट्यूनर (सूर तपासणारं यंत्र) लावला. मोकळी ए तार बरोबर. बाराव्या फ्रेटवर बरोबर. पहिल्या फ्रेटवर दाबली तर सूर जवळपास २० सेंट चढा, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाइतका. चारही तारांचं थोड्याफार फरकाने तेच. बारावा बरोबर आणि पहिलाच चुकीचा, याचा अर्थ पहिल्या फ्रेटपर्यंत तार दाबायला गरजेपेक्षा जास्त खाली न्यावी लागते, आणि नेताना ती ताणली जाते.

मग दुसरी तपासणी. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटच्या धातूवर तारेखाली किती फट उरते ते बघायचं. जेमतेम दिसेल एवढी हवी. माझ्याकडे घडी घातलेला कागद सहज आत गेला. तारा गळ्याच्या टोकाला ज्या पट्टीच्या खाचांमधून जातात, त्या नटच्या खाचा पुरेशा खोल घासलेल्याच नाहीत.

खात्रीसाठी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला. कॅपो लावला की नटचा संबंध तुटतो. बी फ्लॅटचाच आकार एक फ्रेट पुढे धरला, म्हणजे बी. पहिल्या फटक्यात स्वच्छ. पुन्हा स्वच्छ. दहापैकी नऊ.

थोडा वेळ नुसती बसून राहिले. राग आला, मग हसू आलं, मग वाटलं की चला, म्हणजे मी निर्दोष! तसं नाही. एफ–जी सेव्हनमध्ये उड्या मारणारी बोटं नटची नव्हती, उजवा हात थांबायचा तोही नटमुळे नाही. पण बी फ्लॅटचं दुखणं निम्म्याहून जास्त त्या दोन-तीन कागदांइतक्या उंचीचं होतं. वाद्य घेतलं त्या दुकानात ‘सेटअप केलेलं आहे’ असं सांगितलं होतं. नवशिक्याला विचारायचं काय तेच माहीत नसतं, त्यामुळे मी मान डोलावली होती.

स्वतः घासायचा मोह झाला, आवरला. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला घासून खरखरते, आणि घासलेलं परत भरणं सोपं नाही. दुरुस्तीवाल्याकडे देणार.

८ एप्रिल

वाद्य परत आलं. नव्या ताराही घातल्या, आणि ती चूक झाली. नायलॉनच्या नव्या तारा काही दिवस ताणतच राहतात. दर दहा मिनिटांनी लावावं लागतं आणि कान वाद्याला सोडून ट्यूनरला चिकटतो. शिवाय दोन गोष्टी एकदम बदलल्या, आता कशाचा किती परिणाम ते सांगता येणार नाही.

एफ–बी फ्लॅट १८, तळहात दुखला नाही. आकडा कंसात लिहिते.

१३ एप्रिल

मोजणीतच खोट सापडली.

काल संध्याकाळी पंधरा मिनिटं फक्त एफ–बी फ्लॅट घोटलं आणि मग मोजलं: २१. आज सकाळी पेटीतून वाद्य काढून, काही न वाजवता थेट मोजलं: १४. मग माझा आकडा कुठला? गाणं वाजवताना ती कॉर्ड पंधरा मिनिटं घोटून येत नाही, ती चालीच्या मध्ये एकदाच येते. म्हणजे १४.

एकच गोष्ट सलग घोटली की ती त्या बैठकीपुरती छान बसते. जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात हेच दिसलं होतं. ज्यांनी तीन हालचाली उलटसुलट क्रमाने केल्या ते सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या चाचणीत त्यांनी सरावाचं जास्त राखलं.

म्हणून मांडणी बदलली. एकूण २५ मिनिटं. जोड्यांच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाकल्या, येईल ती चिठ्ठी दोन मिनिटं, मग पुढची. एखादी लगेच परत आली तर परत. आणि मोजणी सकाळी, थंड हाताने, पहिला प्रयत्न तोच आकडा. संध्याकाळचे आकडे लिहायचे नाहीत. ते गोड असतात.

चिठ्ठ्यांची पहिली संध्याकाळ अगदी वाईट गेली, आपण मागे चाललो असं वाटत राहिलं.

१८ एप्रिल

थंड मोजणी: एफ–बी फ्लॅट १९. एफ–जी सेव्हन ५०. चाल ८४.

फिंगरपिकिंगला दिलेला एकूण वेळ: दोन बैठका. अंगठा जी आणि सी तारांवर, तर्जनी ई, मधलं बोट ए. नमुना सोपा आहे, पण या लावण्यात जी तार सीपेक्षा आणि ईपेक्षाही वरच्या सुराची असते, त्यामुळे अंगठा जिथे खर्जाची अपेक्षा करतो तिथे पातळ सूर येतो. हात शिकतोय, कान अडखळतो. यासाठी वेगळे आठ आठवडे लागतील. तिसरं ध्येय आज यादीतून काढून टाकलं. ३ मार्चला तीन ध्येयं लिहिताना माझ्याकडे २५ मिनिटंच आहेत हे मी विसरले होते.

२२ एप्रिल

८६ वर पुन्हा अडकले. चार दिवस ८६. या वेळी घाबरले नाही, थेट रेकॉर्डिंग लावलं, आणि कानाने काही सापडलं नाही म्हणून व्हिडिओ केला. ८० पर्यंत फटका मनगटातून येतो. त्यापुढे मनगट आखडतं आणि अख्खा हात कोपरापासून हलायला लागतो, खांदा वर जातो. जास्त वेगासाठी मी जास्त जोर लावत होते. चाल अगदी हळू आवाजात, शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय असं समजून वाजवली, तर ८८ झाली.

दुसरा प्रयोग: १०४ वर फक्त चार कॉर्ड्सची एक फेरी, कशीही, फाटू दे. मग लगेच ८८. ती ८८ चक्क संथ वाटते. किती काळ वाटेल माहीत नाही, आज वाटली.

२७ एप्रिल

शेवटची थंड मोजणी. एफ–बी फ्लॅट २३, त्यातल्या स्वच्छ २०. ध्येय २५ होतं, चुकलं. ५ मार्चला ९ आणि २ होते, तेही संध्याकाळचे.

चाल पहिल्याच प्रयत्नात ८८ वर पुरी झाली. ९२ तिसऱ्या प्रयत्नात. पहिला प्रयत्न तोच आकडा असं मीच ठरवलंय, म्हणून नोंद ८८. हेही चुकलं.

५ मार्चचं रेकॉर्डिंग आणि आजचं पाठोपाठ ऐकलं. पहिल्यात कॉर्ड्स आजच्यापेक्षा फार वाईट नाहीत, हे आश्चर्य. फक्त दर चौथ्या मात्रेला कुणीतरी दार उघडून आत बघतंय असं वाटतं. आजच्यात दोन ठिकाणी स्वर मळका आहे आणि हात चालू आहे.

दोन्ही ध्येयं आकडे तेच ठेवून १८ मेपर्यंत पुढे. एक नवीन जोडी चिठ्ठ्यांमध्ये टाकली: ए ते ई. ई म्हणजे ४-४-४-२, चौथ्या फ्रेटवर तीन तारा, तीन बोटांना मिळून एवढीशी जागा. नटचा इथे काही संबंध नाही, कॅपो लावून पाहिला.

ए–ई, थंड: ४. स्वच्छ: ०.